नोतोचा किनारा आणि विवेकी प्रवासी

जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिमेस, इशिकावा प्रांतातून सुमारे शंभर किलोमीटर समुद्रात शिरलेला भूभाग म्हणजे नोतो द्वीपकल्प. टोकियोहून शिंकान्सेन रेल्वेने अडीच तासांत कानाझावा शहर गाठता येते. तेथून उत्तरेकडे निघाले की भातशेती, देवराया आणि मासेमारांची छोटी गावे सुरू होतात. शेत, डोंगर आणि सागर यांचा मेळ राखणाऱ्या येथील जीवनपद्धतीस संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2011 साली जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

प्रवासाचा पहिला आनंद चिरिहामा येथे मिळतो. सुमारे आठ किलोमीटरच्या या पुळणीवर मोटारगाड्या, सायकली, इतकेच काय प्रवासी बसही लाटांच्या कडेने धावतात. येथील वाळूचे कण अतिशय बारीक असून पाणी धरून ठेवतात, त्यामुळे किनारा रस्त्यासारखा घट्ट राहतो. वाजिमाजवळ शिरोयोने येथे डोंगर उतरत उतरत थेट समुद्राला भिडतो, आणि त्या उतारावर एक हजार चार चिमुकली भातखाचरे एकाखाली एक मांडलेली दिसतात. यंत्र शिरू न शकणाऱ्या या खाचरांत लावणी-कापणी हातानेच होते. पुढे सुझू परिसरात समुद्राचे पाणी वाळूच्या अंगणावर शिंपडून, उन्हात सुकवून, त्या वाळूतून गाळलेले दाट खारे पाणी मोठ्या कढईत आटवण्याची शतकानुशतकांची मीठप्रक्रिया पाहावयास मिळते.

व्यापारी कुटुंबांस अधिक जवळचा वाटेल तो वाजिमाचा रोगणकामाचा धंदा. आपल्याकडील लाख कीटकांपासून मिळते. येथील रोगण हा उरुशी वृक्षाचा चीक असतो. लाकडी वाटीवर कापड चिकटवून, भाजलेल्या मातीची पूड मिसळलेले थर देऊन, शंभराहून अधिक क्रियांनंतर एक भांडे सिद्ध होते. येथील व्यापारी पूर्वी माल घेऊन दूरदूरच्या गिऱ्हाइकांच्या दारी जात आणि झिजलेली भांडी दुरुस्तीसाठी परत आणत. विक्रीनंतरही मालाची जबाबदारी आपलीच, ही त्यांची रीत होती. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे भांडे आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा गिऱ्हाईक-संबंध, दोन्ही त्यातूनच घडले.

1 जानेवारी 2024 रोजी, नववर्षाच्या सायंकाळी, 7.6 तीव्रतेच्या भूकंपाने या साऱ्यावर घाला घातला. शेकडो लोकांचे प्राण गेले. वाजिमात लागलेल्या आगीत प्रसिद्ध सकाळच्या बाजाराचा परिसर भस्मसात झाला. उत्तर किनारा काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलला गेला. बंदरे कोरडी पडली. भातखाचरांना भेगा गेल्या आणि त्या वर्षी हजारांपैकी सुमारे एकशेवीस खाचरांतच लावणी होऊ शकली. सप्टेंबरात अतिवृष्टीने पुन्हा पूर आणला.

तरीही बाजार थांबला नाही. मार्च 2024 मध्ये वाजिमाच्या विक्रेत्यांनी कानाझावात जाऊन आपला बाजार मांडला. जागा गेली तरी गिऱ्हाईक सोडावयाचे नाही, हे पेढी चालविणाऱ्यास वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी मदतनिधीइतकेच महत्त्व नेमाने येणाऱ्या पाहुण्यास असते. त्याने घेतलेली एक वाटी, मिठाची एक पुडी, गावातील एका रात्रीचा मुक्काम यांतून कारागिराची चूल पेटते. दया दान देते; व्यवहार मात्र समोरच्याचा स्वाभिमान राखून आधार देतो.

जैन प्रवाशाने आहाराचा विचार आधीच करावा. हा मासेमारीचा किनारा आहे, आणि वरून शाकाहारी दिसणाऱ्या सूप-भाज्यांतही बहुधा सुक्या माशांचा अर्क असतो. वाजिमा परिसरातील सोजी-जी सोइन या 1321 साली स्थापन झालेल्या झेन मठाची परंपरा येथे मार्गदर्शक ठरते. शोजिन नावाच्या मठातील आहारात मांस, मासे, कांदा व लसूण वर्ज्य असतात. अर्कासाठी कोम्बू नावाची समुद्री वनस्पती व अळंबी वापरतात. मात्र त्यात मुळा, गाजर, रताळे यांसारखी कंदमुळे असतात, म्हणून तो जसाच्या तसा आपल्या नियमांत बसत नाही. आपण काय खात नाही ते जपानीत लिहून घेतलेले पत्र सोबत ठेवावे आणि मुक्कामाच्या ठिकाणी काही दिवस आधी कळवावे. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांनी ऋतूही पाहावा: जूनमध्ये सूर्य सायंकाळी सातनंतर मावळतो, डिसेंबरात पावणेपाचच्या आधीच. शिदोरीत खाकरा, भाजलेले चणे आणि सुकामेवा असला की चित्त निश्चिंत राहते.

निघण्यापूर्वी कोणते रस्ते, कोणत्या खाणावळी आणि कोणती स्थळे खुली आहेत याची ताजी चौकशी अवश्य करावी. पडलेल्या घरांपुढे छायाचित्रे काढणे टाळावे. ती कोणाच्या तरी संसाराची जागा आहे. खाचरांच्या बांधांवर उतरू नये. तेथील प्रत्येक बांध हातांनी पुन्हा उभा करावा लागतो. ज्यास पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहण्याची शिकवण बालपणापासून मिळाली आहे, त्यास हा किनारा परका वाटणार नाही.