डब्ल्यूचा सावंत, व्हीचा सावंत

लालबागच्या चाळीत पत्र्याची एखादी ट्रंक अजून असतेच. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत गिरणीचं तिकीट, पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड. १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर पटावर असलेल्या गिरणी कामगाराला म्हाडाच्या घरासाठी पात्र धरलं जातं, म्हणून त्या पिशवीला किंमत आली. उघडली की घोळ सुरू: तिकिटावर सावंत डब्ल्यूने, स्लिपवर व्हीने, रेशनकार्डावर मराठीत. माणूस एकच, संगणकाच्या लेखी तिघे.

तोडगा जुनाच आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी आडनावं उच्चारावरून लावायच्या पद्धतीचं पेटंट १९१८ साली घेतलं, तेच साउंडेक्स. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना अंक द्यायचे. डब्ल्यू इंग्रजीत अर्धा स्वरच, म्हणून तोही गळतो. व्ही मात्र बी, पी, एफच्या पंगतीत बसून १ पटकावतो. कागदावर करून बघा: डब्ल्यूचा सावंत एस५३०, व्हीचा एस१५३. सख्खे भाऊ वेगळ्या कप्प्यांत. आणि एस५३०मध्ये सावंतांच्या शेजारी कोण? शिंदे! सावंत-शिंदे गिरणगावात एका खोलीत राहिलेही असतील, पण भाडं वाटून घेऊन.

मग गणितज्ञ लेव्हेनश्टाइन यांचं अंतर, १९६५चं. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी, बदलावी लागतात ते मोजायचं. डब्ल्यूचा व्ही केला, अंतर १. छान. पण डब्ल्यूचा एम केला की सावंतांचे सामंत होतात, तेही १च. देवनागरीत तरी सुटका? 'सावन्त' लिहिलं की अंतर २, कारण अनुस्वाराच्या जागी संगणक न आणि हलन्त अशी दोन चिन्हं मोजतो. म्हणजे सामंत सख्खा, सावन्त चुलत!

माझं म्हणणं, आधी आपल्या उच्चारांचे नियम शिकवा: डब्ल्यू-व्ही एकच, अनुस्वार आणि अर्धा न एकच. अंतर त्यानंतर मोजा. तरीही नुसत्या आडनावावर भिस्त नको. वडिलांचं नाव, गाव, खातं, तिकीट नंबर जोडून बघा आणि शेवटचा शिक्का माणसाला मारू द्या.

शेजारच्या काकूंच्या सासऱ्यांच्या तिकिटावर तर आडनावच नव्हतं. नाव, बापाचं नाव, खातं: साळखातं, म्हणजे विणकामाचा विभाग. त्याला कुठलं अंतर लावणार? अखेर तोच तिकीट नंबर पीएफच्या स्लिपवर सापडला. तिथे आडनाव होतं. व्हीने.