मोटारीच्या इंजेक्टरची सफाई : तीन उपाय आणि त्यांची परीक्षा

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गांवीं मोटार ही आतां केवळ हौसेची वस्तु राहिलेली नाहीं. यवतमाळचें वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें रुग्णालय येथून सुमारें ४० किलोमीटर दूर. घरांत वृद्ध आईवडील असोत वा बाळंतपणास आलेली लेक असो, अवेळीं निघण्याचा प्रसंग केव्हां येईल याचा नेम नाहीं. अशा वेळीं दारची गाडी किल्ली फिरवितांच सुरू झाली पाहिजे. ती आचके देऊं लागली, किंवा चढावर धापा टाकूं लागली, कीं ‘इंजेक्टर साफ करून घ्या’ हा सल्ला हटकून मिळतो. तो केव्हां मानावा व कोणत्या रीतीनें अमलांत आणावा, हें गृहस्थाला स्वतः कळत असलेलें बरें.

पूर्वींच्या मोटारींत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. आतां पेट्रोल मोजून देण्याचें काम इंजेक्टरकडे आलें आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम देशभर लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींतही तो आला. इंजेक्टर म्हणजे विद्युच्चुंबकानें उघडझाप करणारी एक चिमुकली झडप होय. तिच्या मुखाशीं अतिसूक्ष्म छिद्रें असतात व त्यांतून पेट्रोल धुक्यासारखें फवारलें जातें. इंजिन बंद केल्यावर मुखाशीं राहिलेलें पेट्रोल उष्णतेनें उडून जातें, पण त्यांतील जड अंश मागें चिकटतो. दूध आटल्यावर पातेल्याच्या बुडाशीं खरवड राहावी तसा. बाजारापुरती गाडी काढून पुनःपुन्हा बंद करण्याची संवय असेल, तर हा थर अधिक लवकर सांचतो. थर सांचला कीं फवारा वांकडा होतो, पेट्रोल नीट जळत नाहीं, आणि ॲव्हरेज उतरतें.

तथापि नाडी पाहिल्यावांचून मात्रा देणें जसें अनुचित, तसेंच येथेंही आहे. हींच लक्षणें झिजलेल्या प्लगनें, अशक्त पंपानें किंवा धुळीनें कोंदलेल्या एअर फिल्टरनेंही दिसतात. कापसाच्या हंगामांत ज्या रस्त्यांवर धुराळा उसळतो, तेथें चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर प्रथम पाहावा. तो कांहीं मिनिटांत दिसतो. इंजेक्टरचें तसें नाहीं.

दोष इंजेक्टरचाच ठरल्यास तीन उपाय आहेत. पहिला, टाकींत औषध ओतण्याचा. यांतील चांगल्या औषधांत पॉलीईथर अमाइन नांवाचें द्रव्य असतें. हा उपाय सर्वांत स्वस्त व सौम्य. थर पातळ असेल तर टाकीभर पेट्रोल संपेपर्यंत फरक जाणवतो. परंतु जें छिद्र पूर्ण बुजलें, त्यांतून औषध वाहणार तरी कसें? बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणापेक्षां अधिक ओतूं नये, आणि पेट्रोलचें औषध डिझेलच्या गाडींत कदापि घालूं नये.

दुसरा उपाय गॅरेजमध्यें होतो. गाडीचा पंप तोडून, वेगळ्या डब्यांतील तीव्र द्रावण दाबानें इंजेक्टरांना पुरवितात व इंजिन त्यावरच कांहीं वेळ चालवितात. पहिल्याहून हा प्रभावी, शिवाय कांहीं उतरवावें लागत नाहीं. पण फवारा डोळ्यांना दिसत नाहीं, आणि चारांपैकीं कोणता इंजेक्टर मागें पडला हेंही कळत नाहीं.

तिसऱ्या उपायांत इंजेक्टर काढून द्रावणाच्या कुंडींत ठेवतात. सेकंदाला २०,००० हून अधिक कंपनें करणाऱ्या ध्वनिलहरींनीं द्रवांत सूक्ष्म बुडबुडे उठतात. ते फुटतांना मळ निखळतो. मग सर्व इंजेक्टर मापाच्या कांचनळ्यांवर बसवून सारखाच वेळ चालवितात. कोणाचें माप कमी, कोणाचा फवारा तिरपा, कोण बंद असतांही ठिबकतो, हें प्रत्यक्ष दिसतें. खर्च व श्रम अर्थातच अधिक. परत बसवितांना रबरी कडीं नवीं घालावींच. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळलें तर आगीचें भय आहे.

डिझेलच्या गाडीची गोष्ट निराळी. आजच्या डिझेल इंजिनांत दाब दीड हजार बारच्याही वर जातो. त्याची सूक्ष्म धार कातडी भेदून शरीरांत शिरूं शकते. तेथें घरगुती प्रयोग नकोच. त्या कामाच्या तज्ज्ञाकडेच जावें. आणि पेट्रोल असो वा डिझेल, टांचणीनें छिद्र कोरण्याचा मोह आवरावा. छिद्राचा आकार एकदां बिघडला कीं कोणतेंही द्रावण तो सुधारूं शकत नाहीं.

सारांश, थोड्याशा मळाला पहिला उपाय, तो न लागू पडल्यास दुसरा, आणि दोष ठाम असेल तर तिसरा, हा क्रम ठेवावा. गाडी निर्दोष चालत असतां केवळ सर्व्हिसिंगच्या यादींत आहे म्हणून सफाई करून घेण्याचें कारण नाहीं. पैसे देण्यापूर्वीं मिस्त्रीला एकच प्रश्न विचारावा : ‘सफाईपूर्वींचें माप काय होतें, आणि नंतरचें काय आहे?’ पहिल्या दोन उपायांना या प्रश्नाचें उत्तर देतां येत नाहीं, तिसऱ्याला येतें. आणि त्याची जास्तीची किंमत आपण मुख्यतः या उत्तरासाठींच मोजतों. रात्रीं-बेरात्रीं आजाऱ्याला घेऊन यवतमाळच्या वाटेला लागणाऱ्या गृहस्थाला हें माप ठाऊक असणें हाच मोठा धीर होय.