दत्तकाआधी तात्पुरते पालकत्व

मुले परगावी, घर शांत आणि दिवस मोठा. अशा वेळी सोबतीला एखादे कुत्रे असावे, असे अनेक ज्येष्ठांना वाटते. ही इच्छा रास्तच आहे. परंतु कुत्र्याचे आयुष्य साधारणतः १० ते १३ वर्षांचे असते. उत्साहाच्या भरात आणलेला प्राणी महिन्याभरात परत पाठवावा लागला, तर तुमच्या जिवाला चटका लागतो आणि त्या मुक्या जिवाचे घर पुन्हा सुटते. म्हणूनच दत्तक घेण्यापूर्वी काही आठवडे तात्पुरते पालकत्व, म्हणजेच ‘फॉस्टरिंग’, स्वीकारावे.

निवारा केंद्रातील गजबजाटात कुत्र्याचा खरा स्वभाव कळत नाही. नव्या घरात पहिले ३ दिवस ते बावरलेले असते, सुमारे ३ आठवड्यांत दिनक्रम ओळखते आणि पुरते रुळायला ३ महिने लागतात, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. या काळात बारकाईने पाहा: ते साखळी ओढते का? काठी, वॉकर किंवा कुकरच्या शिट्टीला बिचकते का? अंगावर उड्या मारते का? खोडकर पिल्लापेक्षा पाच-सहा वर्षांचे शांत कुत्रे ज्येष्ठांना अधिक मानवते.

प्रकृतीचा विचारही आधीच व्हावा. साखळीचा एक हिसका तोल घालवून खुब्याचे हाड मोडण्यास पुरेसा असतो. मधुमेह असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास साधा ओरखडाही दुर्लक्षू नये. कुत्र्याला रेबीजची लस व जंतनाशक दिल्याची नोंद पाहूनच ते घरी आणावे. तरीही चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी स्वतःलाही विचारावे: पहाटेचा फेरा कोण मारणार? आजी-आजोबा रुग्णालयात दाखल झाले, तर कुत्र्याकडे कोण पाहणार? खाण्याचा व औषधोपचाराचा खर्च कोणाचा, हे केंद्राकडून लेखी घ्यावे.

एवढे करूनही जमले नाही, तर मनाला लावून घेऊ नका. तुमच्या घरी राहिल्याने त्या कुत्र्याच्या सवयी केंद्राला कळतात आणि त्याला योग्य घर मिळणे सोपे जाते. जमले, तर मात्र तुमच्या दारी येणारा सोबती परका उरलेला नसतो.