पोट भरले तरी मांजर शिकार का करते?

उन्हाळ्यात अंगणातल्या जास्वंदीत बुलबुल घरटे बांधतो. पिल्ले नीट उडायला शिकण्याआधीच घरट्याबाहेर पडतात आणि काही दिवस खालच्या फांद्यांवर धडपडत असतात. नेमके तेव्हाच घरचे मांजर त्यातले एक तोंडात धरून आत आणते. मुले रडू लागतात, अम्मी झाडू उगारते. "आत्ताच तर दूध-भात खाल्ला होता!" हे वाक्य हमखास ऐकू येते.

मांजराला मारून काही होत नाही, कारण आपले काय चुकले हे त्याला कळतच नाही. एक उंदीर म्हणजे त्याचे जेमतेम एक छोटे जेवण. भूक लागेपर्यंत थांबले तर पुढचे सावज मिळेलच असे नाही, म्हणून हलणारे काही दिसले की झडप घालायची, ही त्याची घडणच आहे. शिवाय दूध-भाताने त्याचे पोट भरते, गरज भागत नाही. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांस-मासळीतूनच मिळतो.

इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 साली 355 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मांसातील प्रथिने भरपूर असलेले, धान्यविरहित खाणे दिल्यावर घरी आणलेली शिकार 36 टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्याने 25 टक्के घट झाली. गळ्यात घुंगरू बांधून मात्र फरक दिसला नाही, आणि आपल्याकडे पहिला उपाय तोच सुचतो!

तेव्हा ताटातला भात थोडा कमी करून कोंबडीचे वा मासळीचे उकडलेले, काटे-हाडे काढलेले तुकडे द्यावेत. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून उकडलेले पाणीही घालावे. मीठ-मसाला नको. उरलेले सालन किंवा बिर्याणी तर मुळीच नको, कारण कांदा-लसूण मांजराला विषारी असतो. नुसत्या उकडलेल्या मांसानेही सगळी गरज भागत नाही. परवडत असेल तर सोबत मांजराचे तयार खाणे द्यावे.

खेळासाठी काठीला दोरी आणि कापडाची चिंधी पुरे. मुलांना हे काम फार आवडते. शेवटी चिंधी पकडू द्यावी आणि लगेच खाऊ द्यावा. दोरी मात्र उचलून ठेवावी, गिळली तर आतड्यात अडकते.

"पण उंदरांसाठीच तर मांजर पाळले," असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी त्याच अभ्यासात एक छान उपाय आहे. भडक रंगाच्या कापडाची झालर असलेला पट्टा घातलेल्या मांजरांनी 42 टक्के कमी पक्षी आणले, उंदरांची शिकार मात्र कमी झाली नाही. पक्ष्यांना रंग लांबूनच दिसतो. ड्रेसच्या उरलेल्या कापडातून अशी झालर घरीच शिवता येईल. पट्टा ओढ बसताच सुटणारा हवा, नाहीतर फांदीत अडकून फास बसेल.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना हे नाव मांजरीच्या पिल्लावरूनच मिळाले, हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आहे. तशीच पाखराची पिल्ले उचलून आणणाऱ्यांना ती परत ठेवायला सांगितल्याचीही आहे. म्हणून पिल्लांच्या दिवसांत मांजराला घरात ठेवायचे तर खाणे, पाणी, मातीची परात आणि खेळ यांची सोय आधी करावी. निदान फज्रच्या सुमारास आणि मगरिबच्या आसपास दार लावून घ्यावे. पहाट आणि तिन्हीसांजेला मांजर शिकारीला जास्त निघते.

एवढे करूनही एखादे पिल्लू त्याच्या तोंडात सापडलेच, तर जखम दिसत नाही म्हणून सोडून देऊ नये. मांजराच्या दातांतले जंतू पाखराला जिवावरचे ठरतात. हवेची भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून ते लगेच पशुवैद्याकडे न्यावे.