कॉन्ट्रा, चार वेळा

पहिला कॉन्ट्रा आईने घेतला, तोही चुकून. १९९५ ची दिवाळी, मिरजेचा बाजार, आणि एका दुकानाच्या काचेमागे ओळीने लावलेल्या पिवळ्या-काळ्या कॅसेटी. आईला हवा होता मारिओ, कारण शेजारच्यांकडे मारिओ होता. दुकानदार म्हणाला, "वहिनी, यात मारिओ आहेच, वर आणखी त्रेसष्ट आहेत." आईने एकदा कॅसेटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पाकीट उघडलं. चौसष्ट खेळ एका किमतीत म्हटल्यावर गृहिणीने दुसरं काय करायचं?

तेव्हा खेळ घेण्यालायक आहे की नाही हे या एकाच आकड्यावर ठरायचं. कॅसेटीवर 'इतके इन वन' लिहिलेलं असे. पुढे पुढे तर नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजारांचे दावे करणाऱ्या कॅसेटी निघाल्या. घरी आल्यावर मी आणि माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, वहीत रीतसर यादी केली. चौसष्टांतले खरे वेगळे खेळ भरले नऊ. बाकीचे म्हणजे तेच नऊ, पण दुसऱ्या स्टेजपासून सुरू होणारे, किंवा जास्त लाइफ दिलेले, किंवा नुसतंच नाव बदललेले. फसवणूक झाली असं तेव्हा वाटलं नाही. नऊ म्हणजेही खूप होते.

ज्याला आम्ही 'टीव्ही गेम' म्हणायचो तो डबा मुळात निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होता. अस्सल फॅमिकॉम जपानात १९८३ च्या जुलैत आला; आमच्यापर्यंत पोचली ती त्याची बिननावाची भावंडं. कार्ट्रिजला आम्ही कॅसेट म्हणायचो, कंट्रोलरला रिमोट. कॅसेट चालली नाही की तोंडाजवळ धरून जोरात फुंकर मारायची, मग ती चालायची. फुंकरीचा त्यात काही हात नव्हता, कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे पिना नीट बसायच्या एवढंच. उलट तोंडातल्या ओलाव्याने त्या पिना गंजतात. हे कळायला मला वीस वर्षं लागली आणि कळल्यावर थोडं वाईटच वाटलं.

त्या नऊ खेळांत आमच्या घरी चालला तो कॉन्ट्रा, कारण त्यात दोघांना एकाच वेळी खेळता येतं. मारिओत एक खेळतो आणि दुसरा त्याच्या मरणाची वाट बघत बसतो. कॉन्ट्रात दोघे शेजारी शेजारी पळतात, एका गोळीत मरतात, आणि 'एस' लिहिलेली बंदूक कुणी उचलायची यावरून भांडतात. तिसरी स्टेज धबधब्याची. तिथे उड्या मारत वर चढायचं असतं, आणि जो पुढे असतो त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेबाहेर गेला की मेला. शत्रूची गोळी लागायलाच नको, भावाची घाई पुरते. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा आणि उडीत पटाईत. मी ओरडायचो, "दादा, थांब!" तो वर निघून गेलेला असायचा. खाली वळून म्हणायचा, "मी थांबणारच होतो रे, रिमोटचं बटण अडकलं."

त्यात सेव्हची सोय नव्हती. आठ स्टेजेस एका बैठकीत, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. सातव्या स्टेजला लाइट गेली की घरात जी शांतता पसरायची, तिचं वर्णन मी करत नाही.

दुसरा कॉन्ट्रा मी स्वतः घेतला. पुण्यात, २००२ साली, फूटपाथवरच्या एका सीडीवाल्याकडून, तीस रुपयांना. सीडीत पाचशे की सहाशे जुने खेळ आणि ते संगणकावर चालवणारा एम्युलेटर. ही सरळसरळ चोरी होती आणि त्या वयात मला तिचं काही वाटलं नाही, हे आधी कबूल करतो. बचाव म्हणून नाही, पण एक गोष्ट नोंदवायला हवी: तो खेळ तेव्हा रीतसर पैसे देऊन घ्यावा म्हटलं तरी माझ्या ओळखीतल्या एकाही दुकानात मिळाला नसता. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजदाद केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे आलेल्या खेळांपैकी जेमतेम १३ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळतात असं निघालं. बाकीचे जुन्या माळ्यांवर, जुन्या-पुराण्याच्या बाजारात आणि अशा सीड्यांवर.

त्या सीडीवरचा कॉन्ट्रा मी बहुधा चार वेळा खेळलो असेन. होस्टेलवरचा मित्र आणि मी एकाच कीबोर्डवर बसलो. त्याच्याकडे बाणाच्या कळा, माझ्याकडे डावीकडची अक्षरं. तो पळता पळता गोळ्या झाडायला लागला की माझी उडी बसेना. आधी वाटलं तो मुद्दाम काही करतोय. मग कळलं, स्वस्त कीबोर्डला एका वेळी ठरावीकच कळा कळतात, त्याहून जास्त दाबल्या की तो एखादी सरळ गिळून टाकतो. खेळ तोच, चित्र तेच, आवाज तोच, आणि तरी दोघांनी खेळायचा खेळ तो राहिला नव्हता. पाचशे खेळांची सीडी पुढे कपाटात पडून राहिली. एकेक मिनिट प्रत्येक खेळ उघडून पाहिला आणि झालं. चौसष्टांत नऊ निघाले होते तेव्हा ते नऊ पाठ झाले. पाचशेच्या पाचशे खरे निघाले तेव्हा एकही धड खेळलो नाही.

तिसऱ्या खरेदीबद्दल बोलायला लाज वाटते, कारण तोवर मी शहाणा झालोय असा माझा समज होता. २०१६ मध्ये निन्टेन्डोने आपल्या जुन्या यंत्राचं तळहाताएवढं रूप बाजारात आणलं, आत ३० खेळ भरून. त्यात कॉन्ट्रा नव्हता. त्याचा पुढचा भाग, सुपर सी, होता. बाहेरून मागवायचा तर भाव परवडेना. मग मी ऑनलाइन एक तसाच दिसणारा डबा मागवला. सहाशेच्यावर खेळ, दोन रिमोट, आणि सोबत प्लास्टिकची बंदूक. बंदूक पाहून मी विरघळलो. बदकं! उडणारी बदकं आणि आपण चुकलो की खदाखदा हसणारा तो कुत्रा!

डबा नव्या टीव्हीला जोडला, मुलीला बोलावलं, बंदूक तिच्या हातात दिली. एकही बदक पडेना. मी पडद्याला नळी टेकवून गोळी झाडली तरी पडेना. कुत्रा हसतोय, मुलगी माझ्याकडे बघतेय.

कारण समजून घेतलं तेव्हा मूळ बनवणाऱ्यांबद्दलचा आदर दुप्पट झाला. ती बंदूक गोळी मारतच नाही, ती बघते. चाप ओढला की पडदा क्षणार्धापुरता काळा होतो, आणि बदक जिथे असेल तिथे पांढरा चौकोन उमटतो. नळीतल्या भिंगामागचा डोळा आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला का एवढंच तपासतो. दिसला तर बदक पडलं. हे सगळं जुन्या काचेच्या, पाठीवर कुबड असलेल्या टीव्हीच्या भरवशावर बेतलेलं, कारण तो आलेलं चित्र त्याच क्षणी रंगवायचा. आजचा सपाट टीव्ही चित्र आधी स्वतःकडे घेतो, घासूनपुसून सुबक करतो आणि मग दाखवतो. तोवर बंदुकीने डोळा मिटलेला असतो. म्हणजे १९८४ सालचा तो खेळ निम्मा कॅसेटीत होता आणि निम्मा टीव्हीत, आणि आम्ही टीव्ही भंगारवाल्याला देऊन बसलो होतो.

त्याच उशिराने कॉन्ट्राचीही वाट लावली. उडीची कळ दाबली की बिल रायझर किंचित विचार करून उडायचा. एका गोळीत मरायच्या खेळात नायकाने विचार करून चालत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधून लावल्यावर थोडा फरक पडला, पण डब्याचे रिमोट महिन्याभरात गेले आणि विषय मिटला.

म्हणून चौथ्या वेळी मी दोन आठवडे नुसता बघत बसलो. कॉन्ट्रा बनवणाऱ्या कोनामीने २०१९ च्या जूनमध्ये कॉन्ट्राचे जुने खेळ एकत्र करून रीतसर काढले होते. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून भाव रुपयांत दिसतात, सेल लागला होता, रक्कम एका बऱ्याशा जेवणाहून कमी होती. तरी बोट पुढे सरकेना. मिरजेच्या दुकानात आईने अर्ध्या मिनिटात निर्णय घेतला होता, तोही काहीच माहीत नसताना. मला सगळंच माहीत होतं. पूर्ण खेळ कुणीतरी खेळून दाखवलेला व्हिडिओ मी पाहिला. कसलेला माणूस तो अर्ध्या तासाच्या आत संपवतो. मग मनात हिशेब सुरू झाला, अर्ध्या तासाला इतके रुपये म्हणजे तासाला किती. हा हिशेब खेळ घेणारे सर्रास करतात आणि तो मला मुळीच पटत नाही. मिनिटांवर मोल ठरवायचं तर रात्रभर चालणारी जुनी संगीत नाटकंच सगळ्यात भारी ठरायची. गंमत म्हणजे स्टीमच्या नियमाप्रमाणे दोन तासांहून कमी खेळलेला खेळ दोन आठवड्यांत परत करता येतो. म्हणजे कॉन्ट्रा पाठ असलेला माणूस तो घेऊन, चारदा संपवून, पैसे परत घेऊ शकतो.

खरा प्रश्न होता तो नाव तेच असलं तरी आतली वस्तू तीच आहे का हा. या बाबतीत दुधाने तोंड पोळलेलं होतं. व्हाइस सिटी हा २००२ चा खेळ, निम्मी मजा गाडीतल्या रेडिओची. पुढे गाण्यांच्या परवान्यांची मुदत संपली आणि नंतरच्या आवृत्त्यांतून मायकल जॅक्सनसकट काही गाणी गळाली. २०२१ मध्ये त्याच मालिकेतल्या तीन खेळांना नवा रंग देऊन एकत्र विकलं, तेव्हा पावसाच्या रेघांपासून माणसांच्या चेहऱ्यांपर्यंत इतकं बिघडलेलं होतं की कंपनीला माफी मागावी लागली. आणि जुन्या प्रती तोवर दुकानातून काढलेल्या. तेव्हापासून जुना खेळ घेताना मी भाव शेवटी बघतो. आधी बघतो ती कुठल्या यंत्रावरची प्रत आहे आणि ती हलवाहलव कुणी केली.

कॉन्ट्राच्या संचात ही भानगड उलट बाजूने निघाली. त्यात १९८७ चा मूळ आर्केडवरचा कॉन्ट्रा आहे, उभ्या पडद्याचा, नाणी खाण्यासाठी बांधलेला. संच घेतल्यावर मी तो मोठ्या भक्तिभावाने उघडला आणि दहा मिनिटांत बंद केला. वर्षभराने आलेली घरगुती आवृत्ती कितीतरी मोकळी आणि सरस आहे. मूळ ते चोख हा नियम इथे लागू होत नाही. जपानी प्रत त्याहून थाटाची, स्टेजेसच्या मधे नकाशे दाखवणारी, मागची झाडं वाऱ्यावर हलवणारी. तीस वर्षं मी झाडं स्थिर असलेला कॉन्ट्रा खेळत होतो. युरोपातल्या मुलांचं तर आणखी वेगळं. त्यांच्याकडे खेळाचं नाव प्रोबोटेक्टर, आणि पळणारे दोघे माणसं नव्हेतच, यंत्रमानव.

घेतला एकदाचा. पहिल्या रात्री तीन लाइफ पहिल्याच स्टेजवर संपल्या. बोटं चाळिशीला आली होती. संचात हवं तिथे सेव्ह करता येतं, म्हणून दर दहा पावलांवर सेव्ह करत गेलो, मेलो की परत तिथून. तासाभरात आठवी स्टेज पार. लहानपणी दहा महिने पुरलेला खेळ एका रात्रीत संपला आणि मी दिवा घालवून झोपलो, काहीच झालं नसल्यासारखा. दुसऱ्या दिवशी सेव्ह सोडून दिला आणि जुना मंत्र लावला: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीस लाइफ. हा मंत्र कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६ मध्ये ग्रेडियसची घरगुती आवृत्ती तपासताना तो खेळ त्यांना स्वतःलाच झेपेना, म्हणून त्यांनी ही पळवाट ठेवली. २०२० मध्ये ते गेले, तेव्हा मिरजेतल्या आमच्या शाळेच्या ग्रुपवरही ती कळांची ओळ फिरली होती.

तीस लाइफ घेऊनही तिसऱ्या स्टेजवर मी थांबलो. धबधबा एकट्याने चढताना काहीच अडचण नव्हती. हवा तितका वेळ घ्या, पडदा तुमच्यासाठी थांबतो.

दादा आता न्यू जर्सीत असतो. स्टीमवर २०१९ पासून अशी सोय आहे की एकाच सोफ्यावर बसून खेळायचा खेळ दोघांना दोन देशांत बसून खेळता येतो, आणि खेळ एकाकडे असला तरी चालतो. दुसऱ्याला माझाच पडदा दिसतो आणि त्याच्या कळा माझ्याकडे येतात. मी फोन केला. त्याच्याकडे शनिवारची सकाळ, माझ्याकडे संध्याकाळ. त्याला रिमोट नव्हता, तो त्याने आणला, आणि त्याची किंमत सगळ्या संचाच्या दुपटीहून जास्त निघाली. "हे तू मला फुकट खेळायला बोलावलंस ना?" तो म्हणाला.

पहिली स्टेज अडखळत झाली. दुसरीत 'एस' त्यानेच उचलली. तिसरी स्टेज सुरू झाली, पाणी कोसळायला लागलं, आणि तो निघाला वर. एक उडी, दुसरी, तिसरी. मी खालच्या कपारीवर, पडदा सरकायला लागलेला.

"दादा, थांब!"

मी कडेखाली गेलो. फोनवर क्षणभर शांतता.

"मी थांबलोच होतो रे," तो म्हणाला. "लॅग आहे."