धुण्याची पावडर आणि कापडाचे आयुष्य



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा बोनस, कंत्राटी पद्धत किंवा श्रमसंहिता यांपैकी काहीतरी ऐकायला मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही धुण्याच्या पावडरीचे नाव सांगितले, तेव्हा ते जरा हसले. पण याचे कारण आमच्या कामातच आहे. गणवेश सक्तीचा असतो तेथे मालक वर्षाला दोन जोड देतो, धुलाई भत्ता म्हणून काही रुपये देतो, आणि तो गणवेश बाराही महिने नवा दिसावा अशी अपेक्षा ठेवतो. सहा महिन्यांत कॉलर विरली, पाटलोणीचा रंग विटला, की 'तुम्हांला कपडे राखता येत नाहीत' हा ठपका कामगारावर, म्हणजे खरे तर त्याच्या घरच्या बाईवर येतो. वाटाघाटीच्या टेबलावर हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले, की कापड धुण्याने का जाते आणि ते राखण्यासाठी पावडरीत काय घालतात, हे मुळातून वाचून काढणे आम्हांस भाग पडले. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे कळले ते वाचनालयात बसून, आणि कळले तसे सांगतो.

मळ काढणारा पदार्थ वेगळा आणि कापड राखणारा वेगळा, ही पहिली गोष्ट. मळ काढण्याचे काम साबण करतो किंवा हल्लीचे डिटर्जंट करते. परंतु मळ सुटला म्हणजे काम संपले असे नव्हे. सुटलेला मळ त्याच बादलीत तरंगत असतो आणि संधी मिळताच पुन्हा कापडावर बसतो. पांढरा सदरा पंधरा-वीस धुण्यांनंतर करडा दिसू लागतो, तो पुष्कळदा यामुळे. आपल्या आज्यांना यावरचा उपाय माहीत होता. तो म्हणजे खळ. भाताच्या पेजेची खळ दिलेल्या धोतरावर मळ बसे, तो तंतूवर न बसता खळीवर बसे; पुढच्या धुण्यात खळ निघाली की तिच्याबरोबर मळही जाई. पावडरीत घालतात तो कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, थोडक्यात सीएमसी, हा या खळीचा शिकलेला भाऊ म्हणावा. कापसाच्या किंवा लाकडाच्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून तो तयार होतो. म्हणजे सुताचे रक्षण सुताचाच भाऊबंद करतो. तो सुती तंतूला धरून बसतो. त्याच्यावर ऋण विद्युत्‌भार असतो, आणि डिटर्जंटमध्ये भिजलेल्या मळाच्या कणावरही ऋणच भार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून मळ परत येत नाही. शंभर भाग पावडरीत हा एखादा भाग पुरतो. मात्र टेरीकॉटमधल्या पॉलिएस्टरला तो नीट धरत नाही. त्यासाठी पॉलिएस्टरच्याच जातीची वेगळी बहुवारिके निघाली आहेत. ती धाग्यावर पातळ थर देतात, आणि मग तेलाचे डाग सोडायला कापड तयार होते. आमच्या यंत्रशाळांतल्या लोकांना गरज आहे ती याच वस्तूची.

आता पाण्याकडे वळू. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी सर्वांच्या परिचयाचे आहे. स्वस्त पावडरीत धुण्याचा सोडा भरपूर असतो. पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याचा संयोग झाला, की चुनखडीचे बारीक कण तयार होतात आणि तंतूंच्या आत जाऊन बसतात. कापड खरबरीत होते. पुढे प्रत्येक पिळण्यात, प्रत्येक घडीत हे कण कानशीसारखे सूत घासतात. कॉलरीची घडी आधी का विरते याचे एक उत्तर येथे आहे. पूर्वी चांगल्या पावडरींत फॉस्फेट घालीत. ते कॅल्शियमला धरून ठेवी. पण तेच फॉस्फेट नद्या-तळ्यांत जाऊन शेवाळ माजवते, म्हणून अनेक देशांनी त्यावर बंधने आणली. त्याच्या जागी झिओलाइट नावाचे खनिज आले आणि सोबत चुन्याचे खडे वाढू न देणारी बहुवारिके आली. हे पदार्थ महाग. म्हणून स्वस्त पुडीत ते नसतात किंवा नाममात्र असतात. कामगार स्वस्त पुडी घेतो, कारण भत्ता तेवढाच असतो. आणि कापड लवकर जाते म्हणून भत्त्याला तो लायक नाही असे म्हणतात!

शुभ्रतेविषयीही गैरसमज पुष्कळ आहे. कापड पिवळसर पडले तर आपण नीळ देत असू. पिवळ्यावर निळी छटा आली की डोळ्यांना पांढरे वाटते. १९२९ साली पाउल क्राइस या जर्मन संशोधकाने दाखवले, की हॉर्स चेस्टनट झाडाच्या सालीतल्या एस्क्युलिन या द्रव्यात भिजवलेले कापड अधिक शुभ्र दिसते. ते द्रव्य सूर्यप्रकाशातले डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण शोषते आणि निळसर प्रकाश बाहेर टाकते. पुढे याच तत्त्वावर रासायनिक द्रव्ये निघाली. आपल्याकडे त्यांतले एक टिनोपॉल या नावाने घरोघर गेले. आज बहुतेक पावडरींत असे द्रव्य असते. त्याने मळ निघत नाही आणि सुताला बळही येत नाही. तो डोळ्यांचा सौदा आहे. पांढऱ्या कापडाला तो चालतो. खाकी किंवा फिकट रंगाला मात्र त्याने वेगळीच झाक येते, आणि मग रखवालदाराच्या एका जोडाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही.

याच्या उलट, दिसणे आणि टिकणे या दोन्हींशी ज्याचा संबंध आहे असे एक द्रव्य म्हणजे सेल्युलेज हे विकर. कापड घासले जाते तेव्हा सुतावर बारीक लव उठते, तिच्या गाठी-गोळ्या होतात. या लवेवरून प्रकाश विखुरतो, म्हणून रंग शाबूत असूनही कापड विटल्यासारखे दिसते. गिरणीत नव्या कापडावरची लव गॅसच्या ज्योतीवरून झपाट्याने नेऊन जाळतात. आमच्या जुन्या गिरणी कामगारांना ते सिंजिंग खाते ठाऊक आहे. सेल्युलेज हेच काम बादलीत, ज्योतीवाचून करते. १९८७ साली जपानच्या काओ कंपनीने 'अटॅक' नावाची पावडर काढली, तिच्यात हे विकर होते. परंतु लव खाणारे ते सूतही खाऊ शकते. म्हणून ते अगदी जपून, निवडून घालावे लागते. प्रथिने तोडणारी विकरे रक्ताचे, घामाचे डाग काढतात. पण रेशीम आणि लोकर ही स्वतः प्रथिनेच आहेत. पैठणी विकराच्या पावडरीत भिजवू नये. तिला रिठा बरा.

विकरांची गोष्ट निघाली म्हणून १९६९ सालची हकिकत सांगितलीच पाहिजे. त्या वर्षी ब्रिटनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टर फ्लिंट यांचा लेख आला. डिटर्जंटच्या कारखान्यात जे कामगार विकराची भुकटी मिसळीत, त्यांना खोकला आणि दमा जडला होता. बॅसिलस सब्टिलिस या जिवाणूपासून काढलेले ते विकर धुळीवाटे फुप्फुसात जाई आणि शरीर त्याला बिथरे. ज्या वस्तूने कापडाचे डाग जात, तिने माणसाचा श्वास जात होता. मग कारखानदारांनी विकराचे दाणे करून त्यांवर मेणासारखे वेष्टन चढवले, यंत्रे बंदिस्त केली, हवेतली धूळ मोजायला सुरुवात केली. उपाय अगोदरही करता आला असता, पण कामगारांची छाती भरेपर्यंत कोणाला सुचला नाही. पावडरीत रंगीत दाणे दिसतात, त्यांतले पुष्कळ नुसते देखाव्याचे असतात. खरे काम करणारे वेष्टनातले दाणे त्यांत असतात किंवा नसतात.

शेवटी एका गणवेशाबद्दल, कारण तेथे प्रश्न नुसत्या रंगाचा नाही. ओतशाळेत, वेल्डिंगवर, विजेच्या कामावर अग्निरोधक प्रक्रिया केलेले सुती कपडे देतात. ते घरी पांढऱ्या ब्लीचिंगच्या पाण्यात घातले तर क्लोरीनने ती प्रक्रिया बिघडते. साध्या साबणाने जड पाण्यात धुतले तर चुन्याच्या साबणाचा थर बसतो. तो मूळचा चरबीचा, म्हणजे पेट घेणारा. कापड मऊ करणारे सुगंधी द्रावण शेवटच्या पाण्यात टाकतात, त्याने एरवी सूत कमी घासले जाते हे खरे. पण त्याचाही थर जळतो. घरच्या माउलीने नवऱ्याचा कपडा मायेने मऊ करून द्यावा, आणि ठिणगी पडताच त्यानेच पेट घ्यावा, हे टाळायचे तर हा कपडा घरी पाठवताच कामा नये. म्हणून अशा गणवेशाला भत्ता नको, त्याची धुलाई कारखान्याच्या खर्चाने आणि कापड बनवणाऱ्याने दिलेल्या सूचनेप्रमाणे व्हावी, अशी आमची मागणी आहे. एका ठिकाणी ती करारात आली. दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थापनाने सूचनेचा कागद मराठीत छापून देण्यापुरतीच तयारी दाखवली आहे. तो आम्ही घेतला आहे, आणि धुलाईची बोलणी चालू ठेवली आहेत.