पाहुण्यांची रंगभूमी

पूर्व विदर्भात धान कापून झालं, हातात चार पैसे आले की नाटकाचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतला जंगलाचा आणि भातशेतीचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीपासून होळीपर्यंत इथल्या गावोगावी रात्रभर नाटकं रंगतात आणि एकेका प्रयोगाला हजारोंनी माणसं जमतात.

या सगळ्या उलाढालीचं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजेच वडसा. हंगामात इथं नाटक कंपन्यांची कार्यालयं गजबजतात. गावाचं मंडळ येतं, फलक बघतं, कलाकार कोण आहेत ते विचारतं, घासाघीस करतं आणि तारीख पक्की करून परततं. नाटक कंपनीचं असलं तरी प्रयोग गावाचा असतो. मंडप, तिकीटविक्री, प्रचार, कलावंतांचं जेवण, नफा-तोटा ही सगळी जबाबदारी गावाची.

नाट्यगृह दरवर्षी नव्यानं उभं राहतं. मागच्यालाही दिसावं म्हणून मोकळ्या जागेत जमीन खोदून उतार करतात, भोवती कापडी कनाती लावतात. वादक रंगमंचापुढे बसतात. वरून टांगलेल्या माइकखाली येऊन नट संवाद फेकतो. विंगेत प्रॉम्प्टर असतोच, कारण हंगामात तालमींना फारशी सवड नसते. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि गाणी, लावणी, विनोद, अश्रू असं सगळं घेत खेळ पहाटेपर्यंत चालतो. विषय घरातले असतात: दारू, हुंडा, भावकीचे वाद, शेतकऱ्याचं कर्ज. शहरी समीक्षकाला यात भडकपणा दिसतो. पण थंडीत चादर पांघरून बसलेल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर आवाज आणि भावना दोन्ही मोठ्या लागतात.

या रंगभूमीची मुळं दंडार, खडीगंमत यांसारख्या लोककलांत आहेत. पूर्वी गावातलीच पोरं तालमी करायची, स्त्री-भूमिकाही पुरुषच करायचे. पुढे बाहेरून अभिनेत्री येऊ लागल्या, मग कंपन्या उभ्या राहिल्या आणि गावातला हौशी नट बराचसा मागे पडला. गावाचा सहभाग तिथं संपला असता, तर झाडीपट्टी हा आणखी एक करमणुकीचा धंदा झाला असता. तसं झालं नाही, याचं कारण पाहुणे.

नाटकाची तारीख ठरली की सासरी गेलेल्या लेकींना, मामा-मावशांना, सोयऱ्यांना निरोप जातो. घरोघरी पाहुणे उतरतात. दिवसा कुठे मंडई म्हणजे गावची जत्रा, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. याच गोतावळ्यात लग्नाची बोलणी निघतात, मुलगा-मुलगी बघितली जातात, रुसवे मिटवले जातात. ज्याला अभिनय येत नाही त्यालाही इथं काम आहे: कुणी खड्डा खणतो, कुणी गेटवर तिकीट फाडतो, कुणी पंधरा माणसांचा स्वयंपाक रांधते. म्हणून नाटक पडलं तर कंपनीला नावं ठेवतात, पण पाहुण्यांपुढे मान गावाची खाली जाते.

या नात्यातूनच नट मोठे होतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी पाच हजारांहून अधिक प्रयोग केले. 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्रानं झाडीपट्टीकडे वळून पाहिलं. इथल्या प्रेक्षकांना ते कितीतरी आधीपासून घरच्यासारखे होते.

या व्यवस्थेनं धक्केही पचवले. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलांच्या शर्यती थांबल्या आणि नाटकाचा दिवसाचा जोडीदार गेला. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत पट नसतानाही नाटकं होत राहिली. कोरोनानं मात्र मंडपच उठवले, कारण त्या काळात पाहुण्यालाच घरात घेता येत नव्हतं.

मालिका, मोबाइल आणि वाढता खर्च यांचं आव्हान खरं आहे. गोष्ट मोबाइलवर दिसेल, नटीही दिसेल. पण लेकीला माहेरी आणायला, सोयऱ्याला जेवू घालायला निमित्त लागतं, आणि ते निमित्त झाडीपट्टीला अजून तरी नाटकाइतकं भरवशाचं दुसरं सापडलेलं नाही.